मेस बंद पडली. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे खरं, की नुसती मनाची समजूत?

तुम्ही लिहिलंय की संभाजीनगरात मुलांसाठी मेस काढली, आठ महिन्यांत बंद करावी लागली, आणि आता भेटेल तो हीच पायरी ऐकवतो. माझं ऐकाल तर मी एकाच खड्ड्यात दोनदा पडलोय. पहिल्यांदा पडलो तेव्हा लोकांनी ‘हिंमतवान पोरगा’ म्हणून पाठ थोपटली होती, म्हणूनच दुसऱ्यांदा पडलो असं आता वाटतं.

आमचं गाव अंबड तालुक्यात. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडच्या कित्येक मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही गेली. त्यातून बाबांनी काय शिकायचं होतं? विहिरीतच पाणी नव्हतं. तेव्हा कुणी त्यांना पायरी सांगायला आलं असतं तर मायनं त्याला चहासुद्धा विचारला नसता. अशा नुकसानीला नुकसानच म्हणावं.

माझं तसं नव्हतं. 2018 मध्ये जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली, कोष घेऊन पार कर्नाटकात रामनगरला जायची गरज उरली नाही, म्हणून मी एक एकर तुती लावली आणि शेड उभं केलं. पुढच्या उन्हाळ्यात दीडशे अंडीपुंजांची पहिली बॅच घेतली. एका पुंजात चार-पाचशे अंडी, म्हणजे साठ-सत्तर हजार तोंडं. पाचव्या, म्हणजे कोष विणायच्या आधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या पाला खातात तेव्हा शेडात सारखी कुरकुर चालू असते. त्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी पहाटे गेलो तर तो आवाज विरळ. अळ्या पाला सोडून रॅकच्या कडेनं फिरत होत्या, पिवळट, फुगलेल्या. एक उचलली तर कातडी फुटून बोटावर दुधासारखं पाणी आलं. ग्रासरी, रेशीम अळ्यांचा विषाणूनं होणारा रोग. तीन दिवस मी आणि माय घमेली भरभरून अळ्या खड्ड्यात टाकत होतो, वरून चुना आणि ब्लिचिंग. तो वास अजून नाकात आहे.

दोष कुणाला द्यायचा हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं होतं. आधी अंडीपुंजांना, मग उन्हाला. उन्हाचं खरंही होतं, कारण अळीला साधारण चोवीस ते अठ्ठावीस अंश लागतात आणि आमचं पत्र्याचं शेड दुपारी भट्टी व्हायचं. मग मी छतावर पाचट टाकलं, बाजूंना ओली पोती बांधली, वर फवारे बसवले. ‘चुकीतून शिकलो’ असं चारचौघांत सांगितलंही. ऑगस्टमध्ये छान गार हवेत दुसरी बॅच घेतली. तीही तशीच मेली.

तेव्हा बीडकडचे एक जुने रेशीम शेतकरी आले. तापमान वगैरे काही विचारलं नाही. रॅकचे बांबू जिथं बांधलेले असतात तिथली एक सुतळी सोडली आणि नखानं खरवडलं. आत वाळलेल्या अळीचा काळा खपला होता. “हे उन्हाळ्यातलंच ना? रॅक कामून खोलला नाहीस?” मी जमीन धुतली होती, भिंतींना चुना मारला होता. रॅक खोलायला दोन दिवस लागतात म्हणून वरवर फवारा मारून सोडून दिला होता. ग्रासरीचा विषाणू अशा जागी वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे उन्हानं रोगाला हात दिला असेल, पण तो घरात राहिला माझ्या आळसानं. दोन कारणं होती. सोयीचं होतं ते मी धरलं, लाजेचं सोडून दिलं.

ही गल्लत मोठ्यांचीही होते बरं का. 1865 मध्ये फ्रान्समध्ये रेशमाच्या अळ्या मरत होत्या म्हणून लुई पाश्चरला बोलावलं. सूक्ष्मदर्शकात जे कण दिसत होते ते रोगाचं कारण नाहीत असं तो सुरुवातीला धरून चालला होता. पुढे त्याला मत बदलावं लागलं, आणि रोगही एक नसून दोन निघाले. पतंगानं अंडी घातल्यावर मादी तपासायची आणि तिच्यात ते कण सापडले तर तिची अंडी फेकून द्यायची, ही त्याची रीत आजही चालते. आम्ही ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणतो ते त्यातूनच आलंय.

मी पुढे काय केलं, तर रॅक खोलून बांबू उन्हात टाकले, निर्जंतुकीकरण दोनदा केलं आणि एक वही घातली. मेलेल्या अळ्यांचा रोजचा आकडा, पाला कधी तोडला, कात टाकताना चुना मारला का, सगळं त्यात. तिसरी बॅच मुद्दाम पन्नासच पुंजांची घेतली, बुडालो तर झेपेल एवढीच. एकोणतीस किलो कोष निघाले. फार नाहीत, पण जालन्याला पोतं मोटारसायकलवर बांधून नेलं तेव्हा माय फाट्यापर्यंत पाठीमागे बसून आली होती.

तुमच्या मेसबद्दल विचारतो. कितव्या महिन्यात मुलं कमी व्हायला लागली, त्याची वही आहे का? भाडं जास्त होतं हे तुम्ही तीनदा लिहिलंय, जेवणाबद्दल मात्र एकदाही नाही. सोडून गेलेल्यांपैकी तीन-चार मुलांना गाठा, चहा पाजा, आणि कामून गेलात ते विचारा. ते बोलत असताना मध्ये भाड्याचा विषय काढू नका. उसने घेतलेले पैसे अजून फिटायचे असतील तर ते आधी फेडा, जागा पुन्हा घ्यायची घाई नको. मुलं काय म्हणाली ते इथं खाली लिहिलंत तर मी वाचीन.