भाचीचा चाइल्ड प्लॅन राहू दे, आधी ती ट्रंक उघडा

फुलेवाडीच्या एका ताईंचं पत्र आलंय. नणंद २०२१ ला आजारानं गेली, दाजी २०२३ ला अपघातात, तेव्हापासून भाची यांच्याकडंच आहे, आता ८ वर्षांची. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, पगार २८ हजार. अनाथ मुलांसाठीच्या सरकारी बाल संगोपन योजनेचे महिन्याला २,२५० येतात, ते सगळे विम्याच्या १५ वर्षांच्या चाइल्ड प्लॅनमध्ये घाला, शेवटी ६ लाख मिळतील असं एजंट म्हणतोय. दुसऱ्या कंपनीचाही तसाच प्लॅन आहे, कुठला घेऊ?

ताई, कुठलाच नको. वर्षाला २७ हजार, म्हणजे १५ वर्षांत ४ लाख भरून ६ लाख, जेमतेम ५ टक्के पडतात. आणि पोरगी १८ ची झाली की बाल संगोपनचे पैसे बंद, मग पुढची ५ वर्षं हप्ता कुणी भरायचा? शिवाय तुम्हीच लिहिलंय की पैसे चार-चार महिने येत नाहीत, तोवर हप्ता चुकून पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद झाली तर? हे एजंटनं सांगायला पाहिजे होतं. ते पैसे पोरीच्या दूध, वह्या, दवाखान्यासाठीच आहेत, तिथंच खर्च करा.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "तिच्या वडलांचा पीएफ कापायचे, पगाराच्या स्लिपा ट्रंकेत हायत, पण आता काय मिळणार." अहो, तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची! नोकरीत असताना माणूस गेला की पीएफच्या शिलकीशिवाय ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबतच असणारा विमा मिळतो, ७ लाखांपर्यंत, आणि आईवडील दोघंही नसलेल्या मुलाला पीएफचीच पेन्शन असते, विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, कमीत कमी ७५० रुपये महिना, वयाच्या २५ पर्यंत. अगदी ७५० धरले तरी पुढच्या १७ वर्षांत दीड लाख, एक रुपया न भरता.

अडेल ते कागदावर. बाल कल्याण समितीच्या आदेशानं पोरगी तुमच्याकडं राहते, पण तिच्या नावचा पैसा सोडवायला पीएफ ऑफिस कोर्टाचा गार्डियनचा दाखला मागायचं. २०२५ पासून पैसे थेट पोरीच्या बँक खात्यात जाणार असतील तर तो लागत नाही, पण बाकीच्या कामांना लागतो. तुम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बायका-मुलांना तिथं वकील फुकट मिळतो. तोच दाखला असला की मुलींसाठीचं सुकन्या बचत खातंही उघडता येईल, सध्या ८.२ टक्के, पण ती १० ची व्हायच्या आत, म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाहीत.

मला राग येतो तो इथं. बाल संगोपनचं अनुदान महिन्याला ४२५ होतं, मग १,१०० झालं, २०२३ ला २,२५०, वाढवलं ते चांगलंच केलं, पण ते ५ तारखेच्या आत खात्यात पडायला नको का? आणि मूल समितीपुढं येतं त्याच दिवशी आईबापाच्या पीएफची, विम्याची चौकशी करून गार्डियनचा अर्ज तिथंच भरून घ्यायला पाहिजे. सांभाळणाऱ्या मामा-मामीनं हे स्वतः शोधत हिंडायचं म्हणजे पोरीचाच हक्क बुडतो.

मिस्टरांचा ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स काढा, हप्ता महिन्याला हजाराच्या आसपास बसेल. आणि मृत्युपत्र करा, तुम्ही आणि तुमची मुलं असताना मामाच्या मागं भाचीला कायद्यानं काही मिळत नाही.

पण आधी ट्रंक. स्लिपवर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर असेल तो लिहून घ्या, दाजींचा मृत्यू दाखला, पोरीचा जन्म दाखला आणि समितीचा आदेश सोबत ठेवा, आणि पीएफ ऑफिसात पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०डी, विम्यासाठी ५आयएफ असे तिन्ही मागा, एकच देऊन परत पाठवलं तर तिथनं हलू नका.