दहावीनंतर लाइनमन व्हायचंय, जळगावकडे काय शिकू?

आयटीआयला वीजतंत्री किंवा तारतंत्री घे, दोन्ही २ वर्षांचे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक (लाइनमनची सुरुवातीची जागा) भरतीत हेच ट्रेड चालतात. मधे अप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नको, स्टायपेंड कमी वाटला तरी.

खांबावर चढणं महिनाभरात जमतं. सवय लागायला वेळ लागतो ती अर्थिंगची, म्हणजे कामाआधी तार जमिनीला जोडायची. मी शिकाऊ असताना मे महिन्यात रावेरकडे वादळाने केळी झोपली, सोबत ११ केव्हीच्या तारा. फीडर (त्या तारांना वीज देणारी लाइन) बंद, कामाचं परमिट हातात, तरी वस्तादांनी आधी टेस्टर लावला, मग कामाच्या दोन्ही बाजूंनी अर्थिंगचे डिस्चार्ज रॉड टाकले. कुणाचा जनरेटर चालू असेल तर ट्रान्सफॉर्मरमधून उलटा करंट येतो रे भाऊ. तोवर तारेला हात नाही. आणि हो, उन्हात रबरी हातमोजे नकोसे होतात, काढायचे नाहीत.