सोंड का वाकते, पाय का घसरतो?

प्रश्न : मुलांसोबत मोबाइलवर क्लेच्या हत्तीची फिल्म करतोय. फोटो सलग चालवले की चित्र लुकलुकतं आणि हत्तीची सोंड हळूहळू खाली येते. काय चुकतंय? (एक वाचक, सांगली)

लुकलुकण्याचं मूळ बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या ‘ऑटो’त असतं. हत्ती जरा हलला की कॅमेरा उजेड आणि रंग नव्याने ठरवतो, त्यामुळे प्रत्येक फोटोचा तजेला वेगळा. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ ॲपमध्ये एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा), तिन्ही लॉक करा. खिडकीला जाड पडदा लावा. बाहेर ढग सरकला तरी फोटोत उमटतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर उघडं राहण्याची वेळ १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवली की तो फरक मिटतो. आणखी एक, हमखास सुटणारी गोष्ट : पांढरा शर्ट घालू नका. तो हत्तीवर उजेड परतवतो, आणि तुम्ही दर वेळी वेगळ्या जागी उभे असता. गडद कपडे घाला.

सोंडेला आतून आधार नाही. दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून पाठीपर्यंत न्या आणि वर क्ले चढवा. क्ले तेलाची, न वाळणारी घ्या. पाण्याची वाळून तडकते. तापणारा बल्ब मात्र तेलाची क्ले मऊ करतो, म्हणून एलईडी वापरा.

सेकंदाला १२ फोटो पुरतात, म्हणजे १० सेकंदांना १२०. सोंड उचलताना सुरुवातीला २ मिलिमीटर, मध्ये ५-६, शेवटी पुन्हा २ असं सरकवा. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलं तर हत्ती यंत्रासारखा वाटतो.

प्रश्न : लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर चालेल का? (एक वाचक, पणजी)

नाही, त्याला किमान ८ जीबी लागते. थ्रीडीची घाई नको. पेन्सिल२डी हे मोफत आणि हलकं आहे. त्यात हाताने चित्रं काढून टायमिंग शिका. रंगकामापर्यंत पोचलात की ओपनटून्झ घ्या. ज्या टून्झमधून ते आलं, ते जपानच्या स्टुडिओ जिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओने वापरलेलं आहे. २०१६ पासून ओपनटून्झ सगळ्यांना मोफत आहे.

प्रश्न : कटआउट (सुटे अवयव जोडून केलेलं) पात्र जागच्या जागी चालवतो आणि मागचं दृश्य सरकवतो. पाय बर्फावर घसरल्यासारखे दिसतात. (एक वाचक, नाशिक)

टेकलेला पाय जमिनीच्याच वेगाने मागे जायला हवा. आपण पायाची जागा ठरवून देतो त्या फ्रेम म्हणजे की-फ्रेम. सॉफ्टवेअर बहुधा दोन की-फ्रेमच्या मध्ये आपणहून इझ, म्हणजे वेगाचा चढउतार, घालतं. पाय हळू निघतो, मध्ये पळतो, शेवटी पुन्हा मंदावतो. जमीन मात्र एकाच वेगाने सरकत असते, म्हणून पाय सुटलेला दिसतो. टेकलेल्या पायाच्या की-फ्रेम लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाच्या, करा. एका पावलाला १२ फ्रेम धरा. जमीन दर फ्रेमला ८ पिक्सेल सरकत असेल, तर तो पाय १२ फ्रेममध्ये ९६ पिक्सेल मागे गेला पाहिजे. हवेतल्या पायाचा इझ तसाच राहू द्या, त्याशिवाय वजन दिसत नाही.