अंतराळ स्थानकावरचा मुक्काम अचानक लांबला, तर तिथल्या माणसांना वेड कसे लागत नाही?

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर सुमारे आठ दिवसांसाठी गेले आणि 286 दिवसांनी परतले. एवढा काळ बंदिस्त जागेत त्यांचे मन कसे टिकले, आणि या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या भाचीला काय सांगावे, असे आपण विचारले आहे. मी अंतराळवीर नाही. मी फोंड्याचा, नोकरीची सारी वर्षे तेलवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला सेकंड इंजिनीअर आहे, आणि त्या दोघांविषयी टीव्हीवर जी हळहळ चालली होती ती ऐकून डोके फिरले होते, म्हणून लिहितो.

वेड लागायला रिकामा वेळ लागतो आणि तो तिथे फारसा मिळत नाही. पृथ्वीपासून सुमारे 400 किलोमीटरवर, दर दीड तासाला एक प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या स्थानकावर दिवसरात्रीचा काही भरवसा नसल्याने सगळे काम ग्रीनिचच्या वेळेवर चालते, आणि पडद्यावरच्या वेळापत्रकावरून एक लाल रेघ सतत पुढे सरकत असते. वजनाशिवाय राहिल्याने हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्क्यांनी घटू शकते, म्हणून रोज दोनेक तास व्यायामात जातात. उरलेल्या वेळात प्रयोग असतात आणि दुरुस्ती असते. दुरुस्तीबद्दल कोणी बोलत नाही. आम्ही जहाजावर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे जॅकेट वॉटरची, उष्णता वापरून आणि आत निर्वात करून समुद्राचे पाणी कमी तापमानाला उकळतो. स्थानकावर लघवीचे पाणी करणारे यंत्रही कमी दाबाखालीच चालते, मात्र तिथे वाफ आणि द्रव आपोआप वेगळे होत नसल्याने ऊर्ध्वपातनाचे पिंपच फिरवावे लागते. 2024 साली त्या यंत्राचा पंप बिघडला, तेव्हा नवा पंप याच दोघांच्या स्टारलायनर यानातून पाठवला गेला आणि त्याला जागा व्हावी म्हणून त्यांच्या कपड्यांच्या बॅगा जमिनीवरच ठेवाव्या लागल्या. ज्याने इंजिनरूम पाहिली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

पण माणूस टिकतो तो निव्वळ कामावर नव्हे. परतीच्या तारखेबाबत आपल्याशी खरे बोलले जात आहे, एवढी खात्री त्याला लागते. हे मी 2020 साली पाहिले. त्या वर्षी कोविडमुळे जगभरातील सुमारे चार लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकले होते आणि आमचे जहाज त्यांतलेच एक होते. पुढच्या बंदरात क्रू चेंज, म्हणजे खलाशांची अदलाबदल, होणार नाही, असा मेल कॅप्टन आणि चीफ इंजिनीअर यांना आधीच आला होता. त्यांनी तो दाबून ठेवला. पेडण्याच्या एका मोटरमनने, म्हणजे इंजिनरूममधल्या खलाशाने, बॅग भरली, बॉयलरसूट धुऊन धाकट्याला देऊन टाकला, आणि चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी मीच बांधणार असे घरी कळवले. बंदरात जहाजाला लाँच, म्हणजे किनाऱ्यावरून येणारी छोटी बोट, लागली. कांद्याबटाट्यांची पोती वर आली, कागदपत्रे आली, जागा घेणारा रिलीव्हर एकही आला नाही. तो मोटरमन इस्त्रीचा शर्ट घालून अॅलीवेमध्ये, म्हणजे आतल्या बोळात, बॅगेवर बसला होता आणि वॉच, म्हणजे पाळी, बदलेपर्यंत तिथून उठला नाही. त्या रात्री त्याने काम केले. मात्र पुढे सांगितलेल्या कोणत्याही तारखेवर कोणाचाच विश्वास राहिला नाही, आणि तेल शुद्ध करणाऱ्या प्युरिफायरजवळ न जाता लॉगबुकात लिहिलेले रीडिंग मला सापडू लागले. तेलवाहू जहाजावर याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

चीफसाहेबांचे म्हणणे आजही तेच आहे की, आधी सांगितले असते तर आठवडाभर आधीच सगळ्यांचे हात गळाले असते. ते आता वास्कोला असतात. अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांची बातमी त्यांनीच मला मोठ्या विजयाने पाठवली होती. रुबिओ सप्टेंबर 2022 मध्ये सहा महिन्यांसाठी गेले, डिसेंबरमध्ये त्यांच्या रशियन सोयुझ यानाच्या शीतकरण यंत्रणेतील द्रव गळून गेला, फेब्रुवारी 2023 मध्ये बदली यान रिकामे पाठवावे लागले, आणि त्यांचा मुक्काम 371 दिवसांचा झाला. वर्षभर राहावे लागणार हे प्रशिक्षणाआधीच विचारले असते, तर घरच्या कारणांमुळे बहुधा नकार दिला असता, असे त्यांनी स्वतःच सांगितले. चीफसाहेबांच्या मते यातच सगळे आले. माझ्या मते त्यांनी बातमी उलटी वाचली. रुबिओ यांच्यापासून कोणी काही लपवले नव्हते. यान गळेपर्यंत मुक्काम लांबणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. नकार देण्याचा हक्क माणसाला असतो, एवढेच त्यांच्या बोलण्यातून निघते. याउलट रशियाच्या मीर स्थानकावर सलग 437 दिवस काढणारे रशियन अंतराळवीर वलेरी पोल्याकोव्ह हे दीर्घ मुक्कामासाठीच गेले होते. विल्यम्स आणि विल्मोर यांच्या बाबतीत 24 ऑगस्ट 2024 रोजी परतीचा महिना फेब्रुवारी 2025 असा जगजाहीर केला गेला, आणि पुढच्या तुकडीचे नवे यान वेळेत तयार होत नाही हे दिसताच तो मार्चवर गेल्याचेही डिसेंबरातच सांगितले गेले. काम कुठे थांबले? जानेवारीत दोघांनी मिळून स्थानकाबाहेर स्पेसवॉक केला, आणि विल्यम्स तर त्या काळात स्थानकाच्या कमांडर होत्या.

आमची आणि त्यांची तुलना फार ताणू नये, हेही खरे. ते हजारोंतून निवडलेले असतात, त्यांच्याशी बोलायला मानसोपचारतज्ज्ञ असतात, घरच्यांशी व्हिडिओवर भेट होते, आणि आणीबाणीत परतायला वाहन असते. स्टारलायनर रिकामे परतल्यावर त्यांना परत आणणारे यान येईपर्यंत दुसऱ्या यानात सामानाच्या जागी त्यांच्यासाठी तात्पुरती सोय केलेली होती. आम्हाला मात्र किनारा दिसत असूनही उतरता येत नव्हते. उलट किरणोत्सर्ग आणि दृष्टीवर होणारे परिणाम त्यांच्या वाट्याला येतात, आमच्या नाही.

भाचीने कोणता अभ्यास करावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. माझे सांगणे एवढेच की, जहाज असो, अंटार्क्टिकावरचा तळ असो की अंतराळ स्थानक, मुलाखतीत तिने विचारावे की परतीची तारीख पुढे गेल्यास ते आम्हाला कोण आणि किती तासांत सांगणार. समोरचा हसला, तर तिथे जाऊ नये. चीफसाहेब हसतील, हे मला ठाऊक आहे.