वाचकांचे प्रश्न : उपासनेत अचानक काही बिघडले तर

प्रश्न : आमची मंडळी (स्थानिक चर्च) श्रीरामपूर तालुक्यातील एका गावात असून ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाशी संलग्न आहे. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी वाटप करणाऱ्या तरुणाच्या हातून छोट्या पेल्यांचा ट्रे निसटला आणि द्राक्षरस सतरंजीवर सांडला. पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) माइकवरूनच त्याला दोन शब्द सुनावले. कोणी फडके आणायला धावले, तर काही ज्येष्ठांनी 'पाय लावू नका' म्हणून सर्वांना अडवले. तो वाद अजून मिटलेला नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एक आजी चक्कर येऊन पडल्या, तेव्हाही असाच गोंधळ उडाला होता. पास्टोरेट कमिटीचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) सचिव या नात्याने मी विचारतो, की अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर : सांडलेल्या द्राक्षरसावरून आपल्याकडे जो वाद चालू आहे, त्याची मुळे गेल्या महिन्यापेक्षा बरीच जुनी आहेत. 1970 साली नागपूर येथे सहा चर्चसंघटनांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिच्यात अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेचे लोक आले, तसेच अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेच्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहण्याच्या) वळणात वाढलेली नगर जिल्ह्यातील घराणीही आली. अँग्लिकन परंपरेत समर्पित केलेली भाकर व द्राक्षरस अखेरपर्यंत आदराने हाताळण्याचा दंडक आहे. उरलेला भाग चर्चबाहेर न नेता पाळकाने व सहभागी झालेल्यांनी तिथेच सेवन करावा, असे 1662 च्या प्रार्थनापुस्तकातच सांगितले आहे. काँग्रिगेशनल वळणाच्या कुटुंबांत मात्र प्रभुभोजनाच्या स्मरणाच्या अर्थावर अधिक भर असल्यामुळे, सांडलेला रस पुसून पुढे जाण्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. आपल्याकडचे दोन्ही पक्ष घरी जे शिकले तेच बोलत आहेत. त्यांतल्या कोणालाही अश्रद्ध ठरवण्याचे कारण नाही.

माझे मत असे, की ज्यांचे मन अधिक हळवे आहे त्यांच्या पद्धतीने वागावे, कारण त्यात दुसऱ्या पक्षाचे काहीच जात नाही. भोजनाच्या मेजाखाली दोन स्वच्छ पांढरी फडकी आणि पाण्याचे एक भांडे आधीच ठेवलेले असावे. सांडलेल्या जागेवर लगेच फडके अंथरले, की कोणाचा पाय पडत नाही आणि रसही टिपला जातो. उपासनेनंतर ती जागा व फडके पाण्याने धुऊन ते पाणी आवारातील झाडाच्या मुळाशी ओतावे. कॅथलिक मिस्साविधीतील (त्यांच्या भाकर-द्राक्षरसाच्या उपासनेतील) नियमही याच धर्तीचा आहे : सांडलेली जागा पाण्याने धुवायची आणि ते पाणी थेट जमिनीत जाणाऱ्या खास कुंडीत ओतायचे. त्यांच्या 1570 च्या मिस्साग्रंथात तर प्याल्यात माशी किंवा कोळी पडला तर काय करावे, इथपासून ते विधी चालू असताना धर्मगुरूच दगावला तर पुढचा विधी कोणी पूर्ण करावा, इथपर्यंत सूचना दिलेल्या आहेत. अपघाताचा विचार आधी करून ठेवणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

माइकवरून सुनावण्याची गोष्ट मला सांडण्यापेक्षा अधिक गंभीर वाटते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथील प्रसंग आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला असता खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल बोलणे थांबवून खाली गेला, त्याने त्याला कवटाळले, लोकांना घाबरू नका म्हणून सांगितले आणि मग वर येऊन भाकर मोडली व पहाटेपर्यंत संभाषण केले. झोपलेल्या तरुणाला कोणी बोल लावल्याचा त्यात उल्लेख नाही. (पौलाचे भाषण लांबले होते, हे मात्र त्या पुस्तकाचा लेखक लूक याने स्पष्ट नोंदवले आहे, पाळकबंधूंनी त्याचीही दखल घ्यावी.) आपल्या पाळकसाहेबांनी त्या तरुणाच्या घरी जाऊन त्याची समजूत काढावी आणि पुढच्या प्रभुभोजनात वाटपाचे काम त्यालाच द्यावे. जाहीर खुलाशाची गरज नाही. तशा खुलाशाने मुलगा विनाकारण पुन्हा सर्वांच्या नजरेत येईल.

आजींच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे जिवाचा संबंध येतो. उत्तम शुक्रवारची उपासना अनेक ठिकाणी दुपारी बारा ते तीन चालते, ऊन कडक असते आणि बरेच ज्येष्ठ उपाशी असतात. तेव्हा कोणाला तरी चक्कर येणार हे गृहीतच धरावे. बाजूची खिडकी आणि पंखा असलेली जागा त्यांच्यासाठी राखावी, आणि मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, असे आधीच्या रविवारी सांगावे. कोणी पडलेच, तर त्यांना उताणे निजवून पाय थोडे उंच करावेत, कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिटभरात शुद्ध आली नाही किंवा छातीत दुखत असेल, तर विचारविनिमय न करता 108 क्रमांकावर फोन करावा. श्वास थांबलेला दिसला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने जोरात दाब देत राहावे. तेवढा वेळ उपासना थांबली तरी चालेल.

वीज गेली तर फार काही करायचे नसते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीते हार्मोनियम, तबला व झांजांवर म्हटली जातात, त्यांना माइक लागत नाही. सर्वांना पाठ असलेले एखादे गीत सुरू करावे.

राहिला प्रश्न धावपळीचा. सगळेच उठतात, कारण कोणी उठायचे हे ठरलेले नसते. कमिटीने प्रत्येक रविवारी तिघांची नावे ठरवावीत : एकाने माणसाकडे पाहावे, एकाने मेजाकडे व मेणबत्त्यांकडे, आणि तिसऱ्याने मोबाइल चालू ठेवून दाराजवळ बसावे. शक्य असल्यास मंडळीतील एखाद्या नर्सबाईंना पहिल्या कामासाठी विनंती करावी. बाकीच्यांनी जागेवरच बसून राहावे, हे पाळकसाहेबांनी एकदा वेदीवरून शांतपणे सांगितले, की पुरे.