टीव्हीवर लसीबद्दल 'माझं वैयक्तिक मत' मांडलं तर त्यात गैर काय?

तुमचा प्रश्न असा आहे: टीव्हीवरची एखादी प्रसिद्ध व्यक्ती "हे माझं वैयक्तिक मत आहे, डॉक्टरी सल्ला नाही" असं स्पष्ट सांगून लसीबद्दल शंका बोलून दाखवत असेल, तर लोकांनी एवढं चिडायचं कारण काय? बघणाऱ्यांना स्वतःची अक्कल नसते का?

बघणाऱ्यांपैकी मी एक होते, म्हणून लिहिते.

सप्टेंबर २००७. आम्ही न्यू जर्सीत नवीन होतो. माझा व्हिसा एच-४, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. नवरा सोमवारी सकाळी जायचा तो गुरुवारी रात्री घरी यायचा. मुलगी दहा महिन्यांची. तिला मांडीवर घेऊन दुपारी चारला ओप्रा विन्फ्रीचा कार्यक्रम लावायचा, हा माझा रोजचा नेम. त्या घरात दिवसभरात माझ्याशी कोणी मोठं माणूस बोलत असेल तर ती ओप्रा, असंच मला तेव्हा वाटायचं.

त्या महिन्यात १८ तारखेला तिच्याकडे जेनी मॅकार्थी आली. एमटीव्हीवरून पुढे आलेली अभिनेत्री, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाची आई. एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची एकत्र लस टोचण्याआधीच आपल्या मनात पाल चुकचुकली होती, डॉक्टरांनी ती उडवून लावली आणि त्यानंतर मुलाच्या डोळ्यांतलं चैतन्यच गेलं, असं तिने सांगितलं. ओप्राने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं निवेदन वाचून दाखवलं. त्यावर मॅकार्थीचं उत्तर अशा अर्थाचं होतं, की माझं शास्त्र म्हणजे माझा मुलगा, आणि तो घरी आहे.

मी रडले. मांडीवरची मुलगी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळत होती. दोन महिन्यांनी तिला तीच लस टोचायची होती.

निवेदन कोणाचं होतं, त्यात काय होतं, यातलं मला त्या रात्री काहीही आठवत नव्हतं. त्या आईचा चेहरा मात्र आजही आठवतो. निवेदन कागदावरचं होतं आणि ती आई माझ्यासमोर बसली होती. तुम्ही म्हणता तसं "हे फक्त माझं मत" तिने दहा वेळा म्हटलं असतं, तरी माझ्यात काही फरक पडला नसता. मत तिचं होतं, पण ज्या खुर्चीत बसून ती बोलत होती ती ओप्राची होती, आणि ओप्रावर माझा विश्वास होता.

नोव्हेंबरमध्ये मुलगी वर्षाची झाली. बालरोगतज्ज्ञांना मी म्हटलं, "मी लसीच्या विरोधात नाही, पण थोडं थांबते." त्या 'थोडं'चं वर्ष कधी झालं, कळलंच नाही.

डिसेंबर २००८मध्ये आम्ही साताऱ्याला गेलो. घरात पाऊल टाकल्यावर अर्ध्या तासात आईने विचारलं, "गोवराची टोचलीस ना गं हिला?" माझ्या मावशीचा मुलगा दोन वर्षांचा असताना गोवराने गेला होता. आधी गोवर निघाला, तो उतरतोय असं वाटेपर्यंत छाती भरली, आणि चार दिवसांत खेळ संपला. आई तेव्हा मावशीकडेच होती. आमच्या घरी त्या मुलाचं नाव कोणी घेत नसे.

मी आईला "हो" म्हणाले.

तीन आठवडे आम्ही लग्नांना गेलो, एसटीने फिरलो, लेकुरवाळ्या घरांत जेवलो. गोवराचा विषाणू रोग्याने खोली सोडल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. आजूबाजूच्या लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो गाठतो. हे मला नंतर कळलं. माझ्या मुलीला काही झालं नाही. त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे.

परत आल्यावर जानेवारीत मी पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे गेले. ते रागावले नाहीत. "तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?" असं विचारून ते माझं बोलणं संपेपर्यंत गप्प बसले. मग त्यांनी तपासणीच्या टेबलावरच्या कागदावर एक रेघ ओढली आणि तिच्यावर महिने मांडले. मूल बोट दाखवायला लागतं, नाव घेतल्यावर वळून बघतं, पहिले शब्द बोलतं, ते साधारण कधी, हे लिहिलं. स्वमग्नता आईबापांच्या लक्षात यायला लागते तीही याच काळात. आणि एमएमआरचा पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान. दोन्ही खुणा त्या रेघेवर शेजारीशेजारी पडल्या. "म्हणून हजारो आयांना हे एकामागून एक घडताना दिसणारच," ते म्हणाले. "त्या खोटं बोलत नाहीत. पण लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही."

ती तशी ठेवून पाहिली गेली होती. डेन्मार्कमध्ये १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेली ५,३७,३०३ मुलं. त्यांतल्या जवळपास एक लाख मुलांनी एमएमआर घेतलीच नव्हती, आणि स्वमग्नतेचं प्रमाण त्यांच्यात कमी नव्हतं. हा अभ्यास २००२मध्येच प्रसिद्ध झाला होता, म्हणजे तो कार्यक्रम झाला त्याच्या पाच वर्षं आधी. सगळी भीती ज्या १९९८च्या ब्रिटिश लेखातून निघाली, तो अँड्र्यू वेकफिल्डचा लेख अवघ्या बारा मुलांवर बेतलेला होता. त्याच्या सहलेखकांपैकी दहा जणांनी २००४मध्येच त्यातल्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं होतं. २०१०मध्ये तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेखच मागे घेतला आणि वेकफिल्डचं डॉक्टरकीचं नाव ब्रिटनच्या नोंदवहीतून काढलं गेलं.

मला हे कळायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं त्या कार्यक्रमात कोणी दिली नव्हती, ही माझी खरी तक्रार आहे. मॅकार्थीबद्दल माझ्या मनात राग नाही. मुलाचं दुखणं खरं होतं, तिचं रडू खरं होतं. पुढे २०१४मध्ये तिने आपण लसविरोधी नसल्याचं लिहिलंही. पण मीही लसविरोधी नव्हतेच की. मी फक्त थांबले होते, आणि गोवराला तेवढं पुरतं. या रोगाला रोखायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस टोचलेली असावी लागते. मोजणी बिघडवायला शंभरात सहा आया थांबल्या तरी भागतं.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग: बघणाऱ्यांना अक्कल नसते का? असते. पण टीव्हीवरच्या ओळखीच्या माणसाचं ऐकून आपण वागतो, हे मोजून पाहिलेलं आहे. केटी कुरिक ही अमेरिकेतली मोठी वृत्तनिवेदिका. तिचा नवरा १९९८मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने बेचाळिसाव्या वर्षी गेला. दोन वर्षांनी, मार्च २०००मध्ये, तिने स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर करून दाखवली. पुढचे अनेक महिने देशभरात ती तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांहून जास्त वाढलं. आतड्यात नळी घालून घेण्यासारख्या, कोणालाच नको असलेल्या तपासणीसाठी लोक आपणहून रांगेत उभे राहिले. कारण केटी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात रोज बोलायची.

त्याच केटीने डिसेंबर २०१३मध्ये आपल्या दुपारच्या कार्यक्रमात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा विषय घेतला. आपली मुलगी या लसीमुळे गेली असं मानणारी एक आई समोर बसवली. लसीच्या बाजूने बोलणाऱ्या डॉक्टरही होत्या, पण कार्यक्रम संपल्यावर कोणाचा चेहरा लक्षात राहणार हे उघड होतं. टीका झाली. आठवडाभरात केटीने लिहून मान्य केलं, की गंभीर त्रासाच्या दुर्मिळ घटनांवर आपण फार जास्त वेळ घालवला. मला तिचा आदर वाटतो, इतक्या लवकर हे कबूल करणारे फार थोडे. पण कार्यक्रम पाहिलेल्या किती जणींनी तो लेख वाचला असेल? दुरुस्ती शंकेच्या मागे धावते ती नेहमी पायी.

ही ताकद सरकारांनाही जुनीच ठाऊक आहे. २८ ऑक्टोबर १९५६ला न्यू यॉर्कमध्ये टीव्ही कार्यक्रमाआधी एल्विस प्रिस्लीला छायाचित्रकारांसमोर पोलिओची लस टोचली, कारण तरुण मुलं लस घ्यायला येत नव्हती. आपल्याकडे अमिताभ बच्चन पडद्यावरून 'दो बूंद जिंदगी की' सांगत होते. तेव्हा कोणी म्हणालं नाही, की हे त्यांचं वैयक्तिक मत आहे, लोक आपली अक्कल वापरतील.

मग टीव्हीवाल्यांनी प्रश्न विचारूच नयेत का? विचारावेत. लसीचे दुष्परिणाम असतात, क्वचित गंभीरही असतात, आणि ते लपवले तर लोकांचा विश्वास जातो. माझं म्हणणं एवढंच, की शंका ज्या कॅमेऱ्यासमोर बोललात त्याच कॅमेऱ्यासमोर, तेवढाच वेळ, उत्तर माहीत असलेल्या माणसाला बसवा. आणि उत्तर ऐकून तुमचं मत बदललं तर तेही तिथेच सांगा.

आज मी एका शाळेत मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी बघते. न्यू जर्सीत धार्मिक कारण लिहून दिलं तर लस न घेता प्रवेश मिळतो; ती सवलत काढण्याचं विधेयक जानेवारी २०२०मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये अडलं. दर ऑगस्टला अशी काही पत्रं माझ्या टेबलावर येतात. पत्रात धर्म असतो. समोर बसून बोलायला लागलं, की बहुतेकींच्या बोलण्यात कुठल्या तरी पडद्यावरची कोणीतरी निघते. २०२५मध्ये पश्चिम टेक्ससमध्ये लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गोवराने गेली, तेव्हा मला माझ्या मावशीचा मुलगा आठवला. त्या आईबापांना बोल लावायचा अधिकार मला नाही. मी एसटीत ज्या मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, तिलाही लस नव्हती.

एक शेवटची गोष्ट सांगते. १५ एप्रिल २०२१ला तमिळ अभिनेते विवेक यांनी लोकांची भीती जावी म्हणून चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात कोविडची लस घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ तारखेला ते गेले. मुख्य धमनी पूर्ण बंद झाली होती, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं; मृत्यूचा लसीशी संबंध नाही, असा तज्ज्ञांचा निर्वाळा पुढे ऑक्टोबरमध्ये आला. पण त्या दोन दिवसांत बातम्यांमध्ये 'लस घेतल्यानंतर' हेच शब्द फिरत होते.

आईचा फोन आला. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह असलेली. "मी थोडं थांबते गं," ती म्हणाली.

माझेच शब्द. मी तिला विचारलं, "नेमकी भीती कशाची वाटते?" ती बोलत गेली. मी मध्ये तोंड घातलं नाही. तिचं झाल्यावर मी रेघेची गोष्ट सांगितली: भारतात रोज किती माणसं हृदयविकाराने जातात, आणि त्या महिन्यात रोज किती लाख लोक लस घेत होते, म्हणजे दोन्ही एकाच आठवड्यात कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येणारच. मग, बारा वर्षांनी, साताऱ्यातलं ते "हो" खोटं होतं हेही सांगितलं.

फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाली, "तिला घेऊन तू मावशीकडे पण गेली होतीस."

दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर गेली, तर लस संपल्याचा फलक लावलेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मिळाली.