ताप आधी, धाप नंतर

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमच्याकडे १२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून तीन कालवडी आणल्या, त्यातली एक न्यूमोनियाने दगावली. सकाळी चांगली खात होती, दुसऱ्या दिवशी धापा टाकायला लागली. आता एकजण कानात बसवायचा ताप मोजणारा सेन्सर विकायला आलाय. आजार आधीच मोबाईलवर कळेल म्हणतो. घ्यावा का?
– एक पशुपालक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : कालवड गेल्याचं वाचून वाईट वाटलं. ‘सकाळी खात होती’ हे मी नोकरीभर ऐकत आले. खटाव तालुक्यात असताना एका गोठ्यात गाय तपासायला गेले होते. शेजारी नवी आणलेली कालवड उसाचं वाढं खात उभी होती. सहज थर्मामीटर लावला तर १०४.२. मालक म्हणाले, “खातीय की, हिला काय झालंय?” मलाही वाटलं, प्रवासाचा शीण असेल. औषध न देता निघाले. तिसऱ्या दिवशी निरोप आला तेव्हा ती मान ताणून, तोंड उघडून श्वास घेत होती. वाचली नाही. तो आकडा मी अजून विसरलेले नाही.

गाय दुखणं लपवते. फुफ्फुसात जंतू वाढू लागले की ताप आधी चढतो. शेंबूड, ठसका, धाप हे पुढे एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतं. तेवढ्या अवधीत औषध सुरू झालं तर फुफ्फुस वाचतं. म्हणून आधी ताप पकडायचा हा विचार सोळा आणे खरा आहे.

पण सेन्सर ताप दाखवतो, न्यूमोनिया नाही. आपल्या संकरित गाईंना गोचीड तापही होतो, तिवाही (तीन दिवसांचा ताप) होतो, कासदाहही (कासेची सूज) होतो. एप्रिल-मेच्या दुपारी तर धडधाकट एचएफ गाय १०३ पर्यंत जाते. मोबाईल वाजला म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक टोचू नका. छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय निदान होत नाही.

कानाच्या सेन्सरची आणखी एक अडचण आहे. ताप चढत असताना जनावराचे कान गार पडतात. वर ऊन, वारा, पाऊस. पोटात सोडायची सेन्सरची गोळीही मिळते, ती आतला ताप धरते. पण गाईने गार पाणी प्यायलं की तिचा आकडा बराच वेळ खाली राहतो, आणि लहान वासरांना ती देता येत नाही.

माझं मत विचारलंत तर १२ गाईंच्या गोठ्याला आज सेन्सर नको. डिजिटल थर्मामीटर आणि शंभर पानी वही घ्या. थर्मामीटरला दोरी आणि चिमटा बांधा, चिमटा शेपटीच्या केसांना लावा, म्हणजे पडून फुटणार नाही. टोक गुदद्वारात घालून, शेणात न रुतवता आतल्या बाजूला टेकवा. रोज सकाळी धार काढायच्या आधी, ठरल्या वेळी. संध्याकाळी ताप थोडा जास्तच असतो, त्यामुळे सकाळचा आकडा सकाळशीच ताडून बघा. साधारण १०१ ते १०२.५ ठीक. रोज १०१.४ असणारी कालवड एका सकाळी १०३.५ दाखवते, तेव्हा ती खात असली तरी डॉक्टरांना बोलवा.

तरीही सेन्सर घ्यायचा असेल, तर विक्रेत्याला सांगा, आठ दिवस एकाच गाईला बसवून बघू. सकाळ-दुपार शेजारी थर्मामीटर लावा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर परत करा.

नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. ट्रकचा प्रवास, बाजारातली गर्दी, बदललेला चारा यांनी त्याची ताकद खचलेली असते, ठिणगी तिथेच पडते. घटसर्पाची, म्हणजे जनावरांचा घसा नि फुफ्फुस धरणाऱ्या रोगाची, लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. आणि एकदा वासरांच्या शेजारी उकिडवे बसून त्यांच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. मुताच्या वासाने तुमचे डोळे चुरचुरले तर गोठ्याला लावलेली ताडपत्री वरून दोन हात उघडी करा. ती वाफ फुफ्फुसाला आतून सोलते.

उरलेल्या दोन कालवडी त्याच ट्रकमधून आल्यात ना? हे वाचून झाल्यावर आधी त्यांचा ताप घ्या.